पुरुषांसाठी व्यसनमुक्ती : उपचारांचे मार्ग

देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील पुरुषांपैकी २७.३ टक्के पुरुष मद्यपान करतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतील ही आकडेवारी. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचेही तीत आढळले.

व्यसनमुक्ती केंद्रांतील बहुतांश खाटा पुरुषांसाठीच असतात. तरीही पुरुष उपचारांकडे उशिरा वळतो. पिणे हे मर्दानगीचे लक्षण आणि मदत मागणे हा दुबळेपणा, हा समज त्याच्या आड येतो. नोकरी गेल्यावर किंवा पत्नी माहेरी निघून गेल्यावरच अनेकांची पावले केंद्राकडे वळतात.

पहिला टप्पा वैद्यकीय
दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास काही तासांतच हात थरथरणे, घाम येणे, झोप उडणे असे त्रास सुरू होतात. पुढील दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे असे प्रकार जिवावर बेतू शकतात. त्यामुळे रुग्णाला घरात कोंडून दारू सोडवणे धोक्याचे ठरते.

निवासी उपचार
डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. त्यासाठी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी आर्थिक साह्य दिले. अशा केंद्रांत औषधांबरोबरच समुपदेशन व गटोपचार असतात. पत्नीवर उगारलेला हात, लपवलेले कर्ज, लैंगिक दौर्बल्याची भीती हे विषय पुरुष सहसा चारचौघांत काढत नाही. समदुःखी पुरुषांच्या गटात ते बोलणे सोपे जाते. स्त्रियांच्या अडचणी निराळ्या असल्याने 'मुक्तांगण'ने २००९ मध्ये त्यांच्यासाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू केला.

औषध चोरून नको
डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्याने मद्य प्यायल्यास उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. ही गोळी रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळणे प्राणघातक ठरू शकते. ती रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी. ओढ कमी करणारी नालट्रेक्सोनसारखी औषधेही उपलब्ध आहेत.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाधीनतेशी निगडित मानसिक आजारांनाही लागू आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्यात मनाई आहे. केंद्र निवडताना नोंदणी, डॉक्टरांची उपलब्धता व नातेवाइकांना भेटीची मुभा यांची खातरजमा करावी.

घरी परतल्यावर
खरी कसोटी येथेच लागते. जुने मित्र, पगाराचा दिवस, लग्नाची वरात हे मोहाचे प्रसंग टाळता यावेत यासाठी नियमित पाठपुरावा आवश्यक असतो. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सभा विनाशुल्क असतात. कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' हे गट आहेत. पुन्हा पिणे म्हणजे सारे संपले असे नव्हे. ते उपचार पुन्हा सुरू करण्याचे कारण ठरावे.

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६