मूठभर गाभोळी, घरभर माणसं

पासली म्हणजे वेल्ह्याहून केळदकडे, पुढे मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, ओढ्यांचं गढूळ पाणी भातखाचरांत शिरलं, की घरात एकच बोलणं असायचं: मासे चढणीला लागले. खालच्या नदीतले मासे अंडी घालायला पाण्याच्या उलट वर यायचे. बाप्ये रात्री बत्ती घेऊन बांधाच्या तोंडाशी बसायचे आणि पहाटे आजीपुढे घमेलं यायचं.

आजी मासे राखेत घोळून साफ करायची. पोट चिरताना पित्त नखानं अलगद बाजूला काढायची. ते फुटलं तर सगळं कडू. मग दोन पिवळसर पिशव्या हाती यायच्या. गाभोळी. गाभ, गाभण यांच्याच कुळातला हा शब्द.

गाभोळी मूठभर आणि जेवायला चौदा माणसं. पावसाच्या तोंडावर परसातही फारसं काही नसायचं. माळ्यावर टांगलेला लाल भोपळा, बटाटे, कांदा, नुकती फुटलेली अळूची देठं. आजी गाभोळीला हळद-मीठ लावून ठेवायची. तेलात लसूण, कांदा, मिरचीची पूड, त्यावर भाज्या आणि घाटाखालून आलेली आमसुलं. आमसुलानं अळूची खाज जायची आणि माशाचा वासही. भाजी शिजत आली की गाभोळी कुस्करून वर पसरायची आणि झाकण ठेवायची, कारण ती तडतडून अंगावर उडते. थोड्या वेळात दाणे मोकळे होऊन भोपळ्याच्या फोडींना चिकटायचे. प्रत्येकाच्या भाकरीवर थोडी थोडी गाभोळी यायची. कुणाला जास्त, कुणाला कमी असं व्हायचं नाही.

पुढे पुण्यात राहायला आल्यावर शेजारच्या बंगाली बाईंनी एकदा ताट भरून पाठवलं. त्यांना आम्ही सगळ्या बौदी म्हणतो. बटाटा, वांगं, भोपळा, मुळा लांबट चिरलेला, त्यात मायाळूची पानं आणि सगळीकडे गाभोळीचे दाणे. पहिल्याच घासाला आजी आठवली. बौदी म्हणाल्या, ही चच्चडी. मोहरीच्या तेलात पाचफोरनची, म्हणजे जिरं, मेथी, मोहरी, बडीशेप, कलौंजीची फोडणी. भाज्या फार हलवायच्या नाहीत, पाणी अंगचंच आटू द्यायचं. उरलेली देठं आणि सालंसुद्धा त्यात जातात. मायाळूला त्या पुई म्हणतात. माझ्या आजीनं बंगाल ऐकलाही नसेल, पण थोडक्यात घरभर माणसं जेवू घालायची विद्या दोन्हीकडे एकच.

एक फरक मात्र माझ्या मनातून जात नाही. बौदींच्या ताटातली गाभोळी रोहूची होती आणि नसरापूरच्या बाजारात आज मला मिळते तीही रोहूचीच. हा मासा मूळचा आमच्या नद्यांचा नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, ते 1839 सालचं. त्यानं शास्त्रीय नावांत इथल्या लोकांच्या तोंडची नावं ठेवली: खुद्री, कोलूस, नुक्ता. पुण्याच्या नद्यांचे मासे हे होते. त्यांच्या चढणीच्या वाटेत पुढे धरणं आली. भोरचं भाटघर 1928 साली पुरं झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या खाली धानेपला गुंजवणीचं धरण उभं राहिलं.

धरणांच्या साठ्यात सोडायला रोहू, कटला, मृगळ आले, ते गंगेच्या खोऱ्यातले. पूर्वी त्यांचं बीज पुराच्या दिवसांत नदीतून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी माशांच्या मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावली. त्यानंतर बीज तळ्याकाठी तयार होऊ लागलं आणि गावोगाव पोचलं. आज 10 जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात.

रोहूच्या पोटात किलोमागे लाखाहून जास्त अंडी भरतात. पण त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं; तळ्याच्या साठलेल्या पाण्यात ती अंडी सहसा पडतच नाहीत. पुढच्या वर्षी बीज पुन्हा आणून सोडावं लागतं. चढणीच्या माशाचं तसं नाही. त्याची गाभोळी म्हणजे ओढ्याचं पुढचं साल.

आजीच्या वेळी नदी मोकळी होती, मासे भरपूर होते आणि तिनं रांधलं त्यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आज मात्र पासलीच्या पोरांना मी सांगते: पावसाळ्यात बांधाच्या तोंडाशी पोट फुगलेली मासळी दिसली तर तिला वर जाऊ द्या. गाभोळी खायचीच तर रोहूची आणा. लाल भोपळा, अळूची देठं आणि आमसूल माझ्या घरी तयार आहे.