गिरणगावातली खोली : भाडेपावतीपासून मालकी हक्कापर्यंत

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी आणि डिलाईल रोड हा सगळा पट्टा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून, घाटावरच्या इतर भागांतून आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही माणसे कामाला आली. काम गिरणीत मिळे, पण राहायला घर देण्याची जबाबदारी बहुतेक गिरणीमालकांनी अंगावर घेतली नाही. मोकळ्या जागांवर व्यापारी आणि छोट्या जमीनमालकांनी भाड्यासाठी चाळी उठवल्या. मोजक्याच गिरण्यांनी स्वतःच्या चाळी बांधल्या.

चाळीतली खोली साधारण दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा फुटांची असे. कोपऱ्यात मोरी, वर लाकडी पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक संडास. अशा एका खोलीत कुटुंब राहत असे, किंवा एकाच गावचे दहा-पंधरा गडी. गावकऱ्यांच्या खोलीत प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीकडेची पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीचा येऊन झोपे. जेवण खानावळवालीकडे, हिशेब महिन्याचा. खोली कोणा एकाच्या नावावर असली तरी तिच्यावर गावाचा हक्क मानला जाई. गावाहून नवा पोरगा आला तर त्याला तिथे पाठ टेकायला जागा मिळालीच पाहिजे, हा नियम होता. गिरणगावातल्या घराचा इतिहास समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. खोलीच्या भिंतींना फारशी किंमत नव्हती. किंमत होती ती तिथे राहण्याच्या हक्काला.

1896 च्या प्लेगने या वस्तीची दशा सरकारच्या डोळ्यांसमोर आणली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य वीसेक वर्षे होते. त्यांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचा काळ त्याच वास्तव्यातला. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे एकूण 207 इमारती उभ्या राहिल्या. याच बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत 80 खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. काँक्रीटच्या या इमारती सुरुवातीला कामगारांना रुचल्या नाहीत. अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. पुढे मात्र त्या इतक्या भरल्या की गॅलरीतही अंथरुणे पडू लागली.

खोलीच्या खरेदी-विक्रीला आजचे रूप आले ते भाडे नियंत्रणामुळे. दुसऱ्या महायुद्धात जागेची टंचाई वाढली, भाडी भडकली आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ती 1940 च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला सहजी बाहेर काढता येईना. भाडे नाममात्र राहिले, तर ताबा मात्र मौल्यवान झाला. त्या ताब्याची किंमत म्हणजे पागडी. खोली सोडणारा नव्या माणसाकडून रोख रक्कम घेई, त्यातला ठरलेला हिस्सा घरमालकाला देई आणि मालक पुढची भाडेपावती नव्या नावाने फाडी. तो पावतीचा कागद हाच खरेदीखताच्या जागी होता. रेशनकार्ड, वीजबिल आणि पावती यांवरचे नाव जुळते का, एवढे पाहून व्यवहार पुरा होई. कायद्याने पागडी घेणे गुन्हा होते, तरी सारे गिरणगाव याच चालीवर घरे बदलत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने ही रक्कम घेणे-देणे वैध ठरवले. एरवी चोरून होणारा व्यवहार उजेडात आला.

या व्यवस्थेने कामगाराला शहराच्या मध्यात टिकवून ठेवले, हे तिचे मोठे ऋण. पण भाड्यातून डागडुजीचा खर्चही निघेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. टेकू लावलेल्या इमारती वाढल्या. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द चाळकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळला. पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूला किमान 225 चौरस फूट, पुढे 300 चौरस फूट जागा मिळण्याची तरतूद झाली, तसा पागडीच्या खोलीचा भावही बदलला. घेणारा आता दहा बाय बाराची खोली पाहत नव्हता, तिच्या जागी उद्या येणारा फ्लॅट पाहत होता.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाचा शेवट कधी रीतसर जाहीर झालाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: पालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला घरांसाठी आणि मालकाला विकासासाठी. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेबच फिरवला. ज्या जागेवर बांधकाम नाही, तेवढीच वाटणीत धरायची असे ठरले आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविरुद्ध निकाल दिला; सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो फिरवला. शहराच्या मध्यभागी इतकी मोकळी जमीन एकदाच हाती येणार होती. ती तीन समान वाट्यांत विभागली असती तर परळचा नकाशा आज वेगळा असता. त्याच सुमारास कोहिनूर गिरणीची जमीन 421 कोटी रुपयांना विकली गेली. फिनिक्समध्ये मॉल आला, श्रीनिवास गिरणीच्या जागेवर गगनचुंबी मनोरा.

कामगारांच्या वाट्याला सोडत आली. जून 2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी 6,925 घरांची पहिली मोठी सोडत काढली. अर्ज लाखाच्या वर होते. मार्च 2020 च्या सोडतीत बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरची 3,894 घरे होती. प्रत्येक घर 225 चौरस फुटांचे, किंमत साडेनऊ लाख रुपये. ही घरे ठरावीक वर्षे विकता येत नाहीत.

परिणामी आज एकाच रस्त्यावर चार तऱ्हेची घरे विक्रीच्या बाजारात दिसतात: पागडीची खोली, पुनर्विकासात मिळालेला मालकी हक्काचा फ्लॅट, विक्रीबंदीची मुदत संपलेले म्हाडाचे घर आणि मनोऱ्यातली आलिशान सदनिका. पागडीच्या खोलीला बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून तिचा भाव शेजारच्या मालकीच्या घरापेक्षा कमी असतो. घेणाऱ्याने घरमालकाची संमती, मागच्या पावत्यांची साखळी आणि वारसांच्या सह्या आधी तपासायच्या असतात. गावकऱ्यांच्या खोलीत तर पावतीवर नाव एकाचे आणि हक्क सांगणारे अनेक, असे वाद आजही उभे राहतात.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास वेगळ्या मार्गाने चालू आहे. तिथे 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर मिळते आणि वरळीतल्या पहिल्या 556 रहिवाशांना ऑगस्ट 2025 मध्ये किल्ल्या मिळाल्या. सोडतीत नंबर न लागलेल्या गिरणी कामगारांना मात्र शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे केला गेला आहे. गिरण्यांपासून कित्येक मैल दूरची ती घरे कामगार संघटनांना मान्य नाहीत. घर मुंबईतच मिळावे, ही त्यांची मागणी कायम आहे.