वावडीची पणती

खेळाची व्हीलचेअर मी पहिल्यांदा उचलली ती चुकून. मैदानावर मुलांचा सराव चालू होता. वाटेतली रिकामी खुर्ची बाजूला करावी म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला, तर ती एकदम छातीशीच आली. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी, तसं झालं. शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी हसून म्हणाली, “काका, ती हलकीच असते.” का हलकी असते, याचा माग काढत गेलो आणि पोचलो एका स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी.

या खुर्चीचं सर्वांना ठाऊक असलेलं कुळ आधी उरकतो. 1655च्या सुमारास न्यूरेंबर्गजवळच्या स्टेफान फार्फलर या घड्याळजीने स्वतःच्या हातांनी चालवायची तीनचाकी केली. 1933मध्ये अमेरिकेत खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि अभियंता हॅरी जेनिंग्ज यांनी मोटारीत मावणारी घडीची पोलादी खुर्ची आणली. 1948मध्ये इंग्लंडातल्या स्टोक मँडेविलला डॉ. लुडविग गुटमन यांनी 16 जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे त्याच वाटेने पॅरालिम्पिक आलं, आणि 1972मध्ये हायडेलबर्गला सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं पोहण्यातलं सुवर्णही.

आता पडदा. त्याच 1948 साली व्हर्जिनियात फ्रान्सिस रोगॅलो हे वायुगतीचे अभियंता घरी मोठा पंखा लावून वाऱ्याचे प्रयोग करत होते. त्यांना न मोडणारा, कापडाचाच पंख हवा होता. पत्नी गर्ट्रूड यांनी स्वयंपाकघराचा छापील पडदा काढून त्याचा पतंग शिवला. आपल्या पतंगाला कामट्या लागतात, याला एकही नव्हती. कापड वाऱ्यानेच ताठ व्हायचं. दोघांनी पेटंट घेतलं आणि तो मुलांचं खेळणं म्हणून विकला.

पतंगाला मराठीत जुना शब्द ‘वावडी’. आज ती उठते फक्त अफवांची. मला त्या शब्दात वारा ऐकू येतो, व्युत्पत्तीवाले कान उपटतील तर उपटोत. रोगॅलोंच्या वावडीवर पुढे नासाची नजर गेली. जेमिनी अवकाशयानं तिच्या आधाराने जमिनीवर उतरवायचा बेत होता, ते काम अखेर पॅराशूटवर भागलं. पण हौशी लोकांनी वावडी सोडली नाही. 1963मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टनच्या जॉन डिकन्सन यांनी तिला हातात धरायचा त्रिकोणी दांडा जोडला. माणूस तिच्याखाली लटकून उडू लागला. हा हँग ग्लायडर.

1978मध्ये कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन यांचा ग्लायडर कोसळला आणि त्यांच्या पायांतली शक्ती गेली. वाट्याला आलेली पोलादी खुर्ची पंचवीसेक किलोंची. त्यांचे मित्र डॉन हेल्मन आणि जिम ओकामोटो हँग ग्लायडर बनवत. त्यांनी त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्ची करून दिली, वजन सुमारे 12 किलो! तिघांनी मिळून कारखाना काढला, खुर्चीचं नाव ठेवलं ‘क्विकी’, आणि ती भडक रंगांत रंगवली. ज्या यंत्रावरून त्या पडल्या, त्याच यंत्राच्या सामानाने त्यांना टेनिसच्या कोर्टवर नेलं.

यावर पहिला आक्षेप असा, की हलक्या खुर्च्या आधीपासून होत्या. खरंच होत्या. युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक बास्केटबॉल खेळताना खुर्च्यांचे हात आणि ढकलायच्या मुठी कापून टाकत. 1975मध्ये बॉब हॉल यांनी बॉस्टन मॅरेथॉन व्हीलचेअरवरून तीन तासांच्या आत पुरी केली. चेंडूला दोन टप्पे देणारं व्हीलचेअर टेनिस रुजवणाऱ्या ब्रॅड पार्क्स यांच्याबरोबर जेफ मिनेब्रेकर होते, आणि त्यांनी स्वतःची हलकी खुर्ची हॅमिल्टन यांच्या आधीच जुळवली होती. खाली फाकलेली मागची चाकंही खेळाडूंचीच देणगी. तिथे माझा ग्लायडर गप्प बसतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. खुर्चीत आली ती नळी, रोगॅलोंच्या पतंगात तर नळीच नव्हती. मग तुमचं कुळ म्हणजे निव्वळ वावडी! मला वाटतं, वारसा वस्तूचा नसून शिस्तीचा आहे. हँग ग्लायडर उडवणाऱ्याला आपला पंख आपल्याच खांद्यावर घेऊन टेकडी चढावी लागते आणि आपल्याच पायांनी धावून हवेत झेपावावं लागतं. तिथे जास्तीचा प्रत्येक ग्रॅम त्यालाच भोवतो. ज्याची गाडी त्याचंच इंजिन, हा हिशेब हेल्मन आणि ओकामोटो यांच्या हातांत मुरलेला होता. खेळाडू जुन्या खुर्चीतून काहीतरी कापून काढत होते, या दोघांनी मुळातच काही जास्तीचं घातलं नाही.

हा हिशेब सर्वांत कडक लागतो तो मुलांना. साठ किलोंच्या माणसाला पंचवीस किलोंची खुर्ची जड जाते, पंचवीस किलोंच्या मुलीला तर तिच्या स्वतःएवढी. बैठक मोठ्यांच्या मापाची असली की चाकाला हात पोचवायला कोपरं पंखांसारखी पसरावी लागतात. दोन फेऱ्यांत मूल दमतं, मग मोठी माणसं मुठी धरून ढकलू लागतात, आणि खेळाचं होतं फिरवून आणणं. हलकी, अंगाच्या मापाची, चाकं फाकलेली खुर्ची मात्र मूल स्वतः गर्रकन वळवतं. ती बाजूला कलंडत नाही, धडक झाली तरी बोटं चेमटत नाहीत, मागे उलटू नये म्हणून छोटं जादा चाक असतं. क्विकीच्या घराण्यात पुढे मुलांसाठी ‘झिप्पी’ जन्मली. मूल वाढेल तशी तिची चौकटही वाढवता येते.

वावडीची लेक ग्लायडर, नात क्विकी, पणती झिप्पी. पडद्याचं जे कापड मुलांचं खेळणं म्हणून घराबाहेर पडलं, ते चौथ्या पिढीत मुलांच्या मैदानावर परत आलं.

त्या दिवशी मी खुर्ची खाली ठेवली आणि सवयीने ढकलायच्या मुठी शोधू लागलो. त्या नव्हत्याच. मुलगी एव्हाना चेंडूमागे निघून गेली होती.