डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांतील स्वयंप्रतिकार आजार

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटल्याने होणारे हे आजार डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत इतर मुलांपेक्षा बरेच अधिक आढळतात. सिंड्रोमचे वर्णन जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये केले. २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्याने तो होतो, हे १९५९ मध्ये जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. प्रतिकारपेशींना आपले-परके शिकवणारे ‘एअर’ जनुक याच गुणसूत्रावर असते.

सर्वांत नेहमीचा आजार थायरॉइडचा. सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, खुंटलेली उंची ही त्याची लक्षणे. पण ‘हे लेकरू असंच असतंय’ म्हणून ती मूळ सिंड्रोमच्या खाती जमा होतात आणि रोज उपाशीपोटी घ्यायच्या एका गोळीने आवरणारा आजार वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणून जन्मानंतर, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्त तपासावे.

दुसरा सिलिअ‍ॅक. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजते. पोट फुगते, जुलाब होतात, वजन वाढत नाही. घाटनांदूरसारख्या (ता. अंबाजोगाई, जि. बीड) ज्वारीच्या मुलखात एक मोठी सोय आहे: ज्वारीत, बाजरीत ग्लुटेन नाही, तेव्हा पथ्याचे अन्न घरच्या तव्यावरच भाजले जाते. अडचण गिरणीची. गव्हामागून त्याच जात्यात ज्वारी टाकली की पीठ बाटते. या मुलाचे दळण घरच्या घरघंटीवर वेगळे केलेले बरे. बिस्किटे आणि रव्याचा शिरा मात्र बंद. रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये, नाहीतर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

सांध्यांचा दाह सहसा उशिरा कळतो. मूल ‘दुखतंय’ म्हणत नाही. पायऱ्या टाळते, सदऱ्याची गुंडी लावणे सोडून देते. चाई आणि कोडही या मुलांत अधिक दिसतात.

जन्मजात दोष असलेली मुले अंगणवाडी-शाळांतच हेरण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. घाटनांदूर परिसराला पुढील उपचारांसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. अचानक खूप तहान, वारंवार लघवी आणि वजनात घट दिसली, तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची शंका घेऊन त्याच दिवशी साखर तपासावी.