आरसीसी तुळईचा वाक: जुन्नर-आंबेगावच्या बांधकामांतून तीन संहितांची तुलना

जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेनांपैकी 14 एकवटल्या आहेत. उरलेल्या तीन दिशांना पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर, आणि ती तोलणारा काँक्रीटचा मनोरा 15 मीटर उंच. ताशी 133 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यातही अँटेना टिकावी, असे तिचे संकल्पन आहे. वारा तबकडीला रेटतो तेव्हा मनोरा वाकू पाहतो: एका अंगाला दाब, दुसऱ्या अंगाला ताण. दाब काँक्रीट पेलते, ताण सळई. नारायणगाव-मंचरकडच्या घरांतील तुळयांचेही तत्त्व हेच.

हा वाक किती होऊ द्यायचा, ते भारतात आयएस 456 ही संहिता ठरवते. मर्यादा-अवस्था पद्धत, म्हणजे वाढवलेले भार क्षमतेशी ताडून पाहणे, तिच्यात 1978 मध्ये आली. सध्याची आवृत्ती 2000 ची. अमेरिकेत एसीआय 318, युरोपात युरोकोड 2.

तुलना आकड्यांनीच नीट कळते. तुळईची रुंदी 230 मिमी, वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत खोली 410 मिमी, एम 25 काँक्रीट, खाली फे 500 प्रतीच्या, 16 मिमीच्या तीन सळया. आयएसनुसार या तुळईची वाक-क्षमता सुमारे 94 किलोन्यूटन-मीटर, युरोकोडच्या मूळ शिफारशींनुसार 96, एसीआयनुसार 101. फरक किरकोळ वाटतो, पण तो अर्धाच हिशेब आहे. आयएस स्थिर आणि चल, दोन्ही भार 1.5 ने वाढवते. एसीआय अनुक्रमे 1.2 आणि 1.6 ने, युरोकोड 1.35 आणि 1.5 ने. स्थिर भार चल भाराच्या दुप्पट असेल, तर प्रत्यक्ष वापरात याच तुळईवर आयएस सुमारे 62, युरोकोड 69 आणि एसीआय 76 किलोन्यूटन-मीटर येऊ देते. आयएसपेक्षा एसीआयची मुभा पाचव्या हिश्श्याने अधिक!

म्हणून एका संहितेचे भार आणि दुसरीची क्षमता अशी सरमिसळ करू नये. एसीआयचे भार घेऊन आयएसची क्षमता लावली, तर याच तुळईवर 70 येऊ दिले जातात. आयएसने राखलेली सुरक्षितता तेवढी घटते आणि कागदावर सगळे बरोबरच दिसते.

सरमिसळ ताकदीच्या मोजमापातही होऊ शकते. काँक्रीटची ताकद भारतात घनावर मोजतात, एसीआय व युरोकोडमध्ये दंडगोलावर. एम 25 म्हणजे दंडगोलावर साधारण 20 मेगापास्कल. एसीआयच्या सूत्रात चुकून 25 घातले, तरी वरच्या तुळईची क्षमता जेमतेम दोन टक्क्यांनी वाढते, कारण तिथे निर्णय सळईचा असतो. दाबाखालच्या आखूड खांबात मात्र हीच चूक महागात पडते.

भूकंपभारांच्या आयएस 1893 या संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत पुणे जिल्हा भूकंप क्षेत्र 3 मध्ये येतो, त्यामुळे इथे आयएस 13920 ही संहिताही लागू होते. भूकंपात तुळई आधी वाकावी आणि एकदम तुटू नये, यासाठी ही संहिता खांबाजवळच्या दोन्ही टोकांना, खोलीच्या दुप्पट अंतरात, सळयांना वेढणाऱ्या रिंगा दाट बांधायला लावते. वर घेतलेल्या तुळईत त्या एकमेकींपासून 96 मिमीहून लांब नकोत. सळयांची क्षमता अचूक काढून टोकांच्या रिंगा विरळ ठेवल्या, तर तुळई वाकण्याआधीच तिरकी चिरफळू शकते.