मानसिक लवचीकता

संकट, अपयश किंवा दीर्घकाळचा ताण यांतून सावरून पुन्हा उभे राहण्याची क्षमता. दुःख न होणे असा तिचा अर्थ नाही. सावरणाऱ्या माणसालाही रडू येते, झोप उडते.

या विषयाचा पाया ठरलेला अभ्यास हवाईतील काउआई बेटावरचा. तेथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत घेतला. गरिबी, आईवडिलांमधील कलह, घरातील मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, आत्मविश्वासू व मायाळू प्रौढ झाली. जीव लावणारे निदान एक माणूस, मग ती आजी असो, शेजारीण असो वा शिक्षक, त्यांना लाभले होते. पौगंडावस्थेत भरकटलेली बरीच मुलेही तिशीपर्यंत मार्गी लागली. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे लवचीकता केवळ जन्मजात असते हा समज मोडतो.

प्रौढपणी ती वाढवण्याचा एक मार्ग अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आहे. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला आग्रह जास्त छळतो, हे तिचे सूत्र. ‘साहेबांनी मला बोलायलाच नको होते’ याऐवजी ‘बोलले नसते तर बरे होते’ असे म्हणता आले, की संतापाची जागा नाराजी घेते आणि काम सुचते. महाराष्ट्रात ही पद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली. पुरेशी झोप, व्यायाम व मोकळा संवाद यांचाही आधार मिळतो. कामाचा बोजाच अवाजवी असेल, तर मात्र बदल कामाच्या व्यवस्थेत हवा.