स्वस्त संगणकाचं कुलूप: स्टार्टरपासून एस मोडपर्यंत

आजचा विषय पेशवाईइतका जुना नाही, जेमतेम वीस वर्षांचा आहे. पण इतिहासच आहे, आणि आमच्या जबलपुरात तो दरवर्षी बारावीचा निकाल लागला की नव्याने सुरू होतो.

मध्य प्रदेश सरकार बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं. योजना २००९-१० सालापासूनची. ४ जुलै २०२५ रोजी ९४,२३४ मुलांच्या खात्यांत मिळून २३५ कोटींहून जास्त रक्कम जमा झाली. मला या योजनेतली एक गोष्ट मनापासून आवडते: सरकार पैसे देतं, वस्तू देत नाही. शेजारच्या उत्तर प्रदेशात याच काळात लॅपटॉपच वाटले गेले आणि सुरू केल्यावर पडद्यावर नेत्यांचे फोटो झळकायचे. आमच्याकडे मुलगा किंवा मुलगी पैसे घेऊन मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जाते आणि स्वतः निवडते.

निवडते, पण कशातून? पंचवीस हजारांच्या आसपास जे मिळतं त्यातून. या किमतीच्या काही लॅपटॉपांवर बारीक अक्षरांत एक ओळ असते, 'एस मोड'. ती दुकानदार वाचून दाखवत नाही. 'ओरिजिनल विंडोज है' एवढं तो सांगतो, आणि ते खोटं नसतं.

एस मोड म्हणजे विंडोजच, पण दाराला कुलूप. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये जे आहे तेवढंच त्यावर चढतं. बाहेरून उतरवलेली फाइल चालत नाही, पेन ड्राइव्हवरून आणलेली चालत नाही. कमांड प्रॉम्प्टसुद्धा बंद. बीसीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला कमांड प्रॉम्प्ट न उघडणारा संगणक देणं म्हणजे सुतारकाम शिकायला आलेल्याच्या हातातून पटाशी काढून घेणं.

आता मागे जाऊ या. २००४ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची 'स्टार्टर' आवृत्ती जाहीर केली. सुरुवातीच्या देशांत थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया होते; मग रशिया आणि भारत आले. भारतात ती २००५ साली आली आणि आली ती हिंदीत. म्हणजे आमच्या महाकोशलातला माणूस तिचा नेमका गिऱ्हाईक. ती सुटी विकत मिळत नसे, स्वस्त नव्या संगणकासोबतच यायची. तिची अट ऐका: एका वेळी फक्त तीन प्रोग्राम उघडायचे. चौथा उघडायला गेलात की आधी एक बंद करा. पडद्याची स्पष्टता ८०० गुणिले ६०० पर्यंतच. घरातले दोन संगणक जोडता येत नसत, प्रिंटर वाटून घेता येत नसे. कारण असं सांगितलं गेलं की पहिल्यांदा संगणक हाताळणाऱ्यांसाठी हे सोपं करून दिलं आहे. खरं कारण सगळ्यांना दिसत होतं: चोरीच्या सीडीवरचं पूर्ण विंडोज फुकट मिळत होतं आणि इकडे लिनक्स पाय रोवू पाहत होतं. कंपनीला या दोघांच्या मध्ये काहीतरी स्वस्त ठेवायचं होतं, पण इतकं चांगलंही नको होतं की पूर्ण किमतीचा माल पडून राहावा.

गंमत बघा, आपल्याच भाषेत, आपल्यासाठी म्हणून जे आलं ते अर्धवट होतं. याला मी सोपेपणा म्हणत नाही. सोपं करणं म्हणजे चौथी खिडकी उघडणं सोपं करणं.

विंडोज सेव्हनच्या वेळी, २००९ साली, पुन्हा स्टार्टर आली, या वेळी छोट्या नेटबुकांसाठी. तीन प्रोग्रामांची अट याही वेळी ठरलेली होती; टीका झाल्यावर बाजारात येण्याआधीच मे महिन्यात ती काढली. पण पडद्यामागचं चित्र बदलायची मुभा नव्हतीच. आपल्या पैशांच्या यंत्रावर गणपतीचा फोटो लावायचा तर तोही लागत नसे!

मग २०१२ साल, विंडोज आरटी. आतापर्यंत किती उघडायचं यावर मर्यादा होती, आता कुठून आणायचं यावर आली. फक्त स्टोअरमधून. आणि या कुलपाला किल्लीच नव्हती. पूर्ण विंडोजकडे जायचा रस्ता कंपनीने ठेवलाच नव्हता. लोकांनी पाठ फिरवली. पुढच्या जुलैत मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटीच्या न विकलेल्या मालापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत उपयोगी आकडा आहे, कारण एस मोडला किल्ली का मिळाली हे त्यातून उमगतं.

२ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'विंडोज टेन एस' जाहीर झालं. निमित्त शाळांचं होतं. अमेरिकेतल्या वर्गांत गुगलचे क्रोमबुक भराभर शिरत होते. यातही स्टोअरचीच अट. ब्राउझर एज, शोधयंत्र बिंग, दोन्ही ठरलेले. त्या डिसेंबरात गुगलने शक्कल लढवली. क्रोमकडे नेणारं एक छोटं ॲप स्टोअरमध्ये ठेवलं, आणि मायक्रोसॉफ्टने ते लगोलग काढून टाकलं. दोन बड्या दुकानदारांचं हे भांडण, पण रिकाम्या हाताने परतलं ते गिऱ्हाईक. २०१८ साली टेन एस ही वेगळी आवृत्ती राहिली नाही, ती एक अवस्था झाली: एस मोड. बाहेर पडणं फुकट झालं. मात्र एकदा बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही.

कुलुपाची बाजूही मांडायला हवी. आमच्या इथे नवा लॅपटॉप घरी आला की ओळखीतला कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरसही ठेवून जातो. एस मोडवर त्याचं काही चालत नाही. फक्त बातम्या वाचणाऱ्या, नातवाशी व्हिडिओवर बोलणाऱ्या आजीआजोबांना मी तो चालू ठेवा असंच सांगेन. कुलूप असण्याला माझी हरकत नाही. ते आहे हे विकत घेताना कोणी सांगत नाही आणि ते नेमकं सर्वांत स्वस्त मालावर असतं, याला आहे.

जबलपूरकरांना हा प्रकार रुळांवरून ठाऊक आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेली मोठ्या गेजची लाइन इथे जुळली आणि शहर देशाला जोडलं गेलं. पण गोंदियाला, म्हणजे आपल्या मराठी मुलखाला जोडणारी सातपुड्यातली लाइन मात्र अडीच फुटांची, नॅरोगेज. डोंगरात स्वस्त पडते म्हणून. गाडी धावत होती, लोक जात-येत होते. पण मोठ्या लाइनचा डबा तिच्यावर चढत नसे. माल उतरवा, पुन्हा चढवा. जबलपूर ते नैनपूर ही छोटी गाडी २०१५ साली थांबली. तिच्या आठवणी गोड आहेत, मलाही आहेत. तरी रेल्वेने तिथे एक गोष्ट प्रामाणिकपणे केली होती: रूळ अरुंद आहेत हे फलाटावरूनच दिसायचं.

आपल्या भाषेचं काय? समजा, एखादी मुलगी सीपीसीटीची तयारी करते आहे. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांसाठीच्या या संगणक परीक्षेत हिंदी टायपिंग असतं, रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट पद्धतीने. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये मुळातच असतं, त्यामुळे एस मोडमध्येही चालतं. २०१९ च्या मे महिन्यातल्या अद्ययावत आवृत्तीपासून मराठीसकट दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्डही आत आले, म्हणजे रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांची सोय झाली. अडतं ते रेमिंग्टनवाल्यांचं. टायपिंग क्लासमध्ये मिळणारं सरावाचं सॉफ्टवेअर बहुधा साध्या फाइलच्या रूपात असतं, आणि एस मोड ते उघडतच नाही. मुलीला वाटतं लॅपटॉप बिघडला. क्लासवाल्याला वाटतं मुलीला जमत नाही.

भारतात या प्रश्नावर कायद्याचं बोट पडलं ते फोनच्या बाबतीत. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडवरून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला; फोनवर आधीच ठासून भरलेली ॲप्स हा त्यातला मोठा मुद्दा होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला.

तेव्हा बिल होऊन दुकानातच खोकं उघडलं की सेटिंग्जमध्ये जा, सिस्टम, मग अबाउट. विंडोजच्या नावापुढे एस मोड लिहिलेलं दिसलं तर सेटिंग्जमधल्याच ॲक्टिव्हेशनच्या पानावर स्टोअरकडे नेणारा दुवा सापडेल. तिथे बाहेर पडण्याचं बटण आहे. स्टोअरमधून होणारं काम असल्याने इंटरनेट लागतं, सोबत फोन असू द्या. पैसे लागत नाहीत. कोणी त्यासाठी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका.